मुंबई आंदणात गेली, पण फुकट गेली नाही

तुमचा प्रश्न असा आहे: वसईचा किल्ला दाखवताना लोक हमखास विचारतात, पोर्तुगीजांनी मुंबईसारखं बंदर इंग्लंडच्या राजाला लग्नात आंदण म्हणून देऊन कसं टाकलं? त्यांना त्याची किंमत कळली नव्हती का? आणि त्या राजाने तरी ते इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला 10 पौंडांवर का दिलं? शाळेच्या पुस्तकातली दोन वाक्यं सांगून तुमचं समाधान होत नाही, ही चांगली गोष्ट आहे. सतराव्या शतकातल्या गोवा आणि मुंबईच्या कागदांवर मी बरीच वर्षं काम केलं आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी थोडक्यात उत्तर. मुंबई फुकट गेली नाही. डचांशी, म्हणजे आपल्या जुन्या कागदांतल्या वलंदेजांशी, समुद्रावर एकेक ठाणं हरत आलेल्या पोर्तुगालने इंग्रजांचं आरमार आपल्या बाजूला वळावं म्हणून ती मोजली. आणि तिची किंमत गोव्यातल्या पोर्तुगीजांना पुरेपूर माहीत होती. इतकी, की त्यांनी आपल्याच राजाचा हुकूम जवळपास अडीच वर्षं अडवून धरला. सौदा लिस्बन आणि लंडनमध्ये झाला, किंमत कोकणाने दिली, आणि ज्या मदतीसाठी ती दिली ती मदत हिंदुस्थानात आलीच नाही. हे तिन्ही भाग सांगितले तरच गोष्ट पुरी होते.

सुरुवात युरोपात करावी लागते. 1580 ते 1640 ही साठ वर्षं पोर्तुगालवर स्पेनचाच राजा राज्य करत होता. डच स्पेनविरुद्ध लढत होते, त्यामुळे आशियातली पोर्तुगीज ठाणी त्यांच्या दृष्टीने शत्रूची ठाणी झाली. 1602 साली निघालेली डच ईस्ट इंडिया कंपनी नुसता व्यापार करणारी नव्हती. किल्ले बांधायचे, तह करायचे, लढाई करायची, हे सगळे अधिकार तिला सनदेतच मिळालेले होते. 1640 च्या डिसेंबरात पोर्तुगालने स्पेनचं राज्य झुगारून ब्रागांझा घराण्याचा राजा गादीवर बसवला. शत्रूचा शत्रू म्हणून आता डच हात आखडतील अशी लिस्बनची अपेक्षा होती. तसं झालं नाही. 1641 मध्ये मलाक्का गेलं. 1656 मध्ये कोलंबो सात महिन्यांच्या वेढ्यानंतर पडलं. 1658 मध्ये जाफना आणि नागपट्टण. दालचिनीचं बेट, म्हणजे श्रीलंका, असं सबंध हातचं गेलं. त्याच सुमाराला पावसाळा संपला की डच गलबतं मांडवीच्या तोंडाशी येऊन उभी राहत आणि गोव्याची कोंडी करत. पोर्तुगालकडची जहाजं आत येऊ शकत नसत, आतली बाहेर पडू शकत नसत.

घरची स्थितीही बिकट होती. 1659 मध्ये फ्रान्स आणि स्पेन यांच्यात पिरेनीजचा तह झाला आणि पोर्तुगालला यापुढे मदत करणार नाही असं फ्रान्सने कबूल केलं. स्पेनला आता सगळी फौज पोर्तुगालवर सोडता येणार होती. राजा जॉन चौथा 1656 मध्येच वारला होता, मुलगा अफोन्सो अल्पवयीन, म्हणून राणी लुईझा द गुझमाव राज्य सांभाळत होती. या बाईला मी फार मानतो. तिच्यासमोर प्रश्न एकच होता: देश टिकवायचा असेल तर काय सोडायचं?

तिचा क्रम कागदांवरून स्पष्ट दिसतो. पहिलं घर, म्हणजे स्पेनपासून स्वातंत्र्य. दुसरं ब्राझील, कारण साखरेचा पैसा तिथून येत होता. 1654 मध्ये रेसिफे परत घेऊन पोर्तुगीजांनी डचांना ब्राझीलमधून हुसकलं होतं, आणि 1661 च्या ऑगस्टमध्ये हेगच्या तहात डचांनी ब्राझीलवरचा दावा सोडावा म्हणून 40 लाख क्रुझादो (हे पोर्तुगीज नाणं) द्यायचं मान्य केलं. हिंदुस्थान तिसऱ्या क्रमांकावर होता. वास्को द गामाच्या देशाने दीडशे वर्षांनी केलेली ही निवड गोव्यात बसलेल्या लोकांना पचणं शक्य नव्हतं. लिस्बनच्या दृष्टीने मात्र तिच्यात शहाणपण होतं.

1660 मध्ये चार्ल्स दुसरा इंग्लंडच्या गादीवर परत आला. तिजोरी रिकामी, लग्न व्हायचं राहिलेलं. लुईझाने मुलगी कॅथरीन पुढे केली आणि तिच्याबरोबर जे देऊ केलं ते पाहून लंडनचे डोळे विस्फारले: 20 लाख क्रुझादो रोख, आफ्रिकेच्या उत्तर टोकावरचं टँजिअर, मुंबईचं बंदर आणि बेट, शिवाय गोवा, कोची, दीव आणि ब्राझीलच्या मोठ्या बंदरांत इंग्रज व्यापाऱ्यांना राहायची मुभा. स्पेनच्या वकिलाने हे लग्न मोडायचा आटोकाट प्रयत्न केला, दुसऱ्या मुली सुचवल्या, पैशाची लालूच दाखवली. त्याच्या धडपडीवरूनच कळतं की हा मामला दोन घराण्यांचा नव्हता.

23 जून 1661 रोजी तह झाला. तुम्ही पर्यटकांना एकच गोष्ट नीट सांगणार असाल तर या तहाचं अकरावं कलम सांगा. मुंबई का देत आहोत याचं कारण त्या कलमातच लिहिलेलं आहे: त्या भागातल्या पोर्तुगीज प्रजेचं डचांच्या आक्रमणापासून रक्षण करणं इंग्लंडच्या राजाला सोपं जावं म्हणून. बेटावरच्या लोकांना त्यांचा कॅथलिक धर्म मोकळेपणी पाळता येईल, हेही तिथेच आहे. पुढच्या एका कलमात श्रीलंकेची वाटणी करून ठेवली आहे. बेट परत मिळालं तर कोलंबो पोर्तुगालचं, गॉल इंग्लंडचं, आणि दालचिनीचा व्यापार निम्मा निम्मा. ज्या बेटावर दोघांचाही पाय उरला नव्हता त्याची ही वाटणी! याखेरीज एक गुप्त कलम होतं. इंग्लंडच्या राजाने पोर्तुगाल आणि डच यांच्यात तह घडवून आणावा, आणि डच ऐकत नसतील तर पूर्वेकडच्या पोर्तुगीज मुलखाच्या बचावासाठी माणसं आणि जहाजं पाठवावीत. आता सांगा, याला लग्नाची भेट म्हणायचं की युद्धाचा करारनामा?

युरोपातली बाजू इंग्लंडने पाळली, हे न्यायाने सांगायला हवं. इंग्रज पलटणी पोर्तुगालमध्ये गेल्या, स्पेनविरुद्धच्या लढायांत लढल्या आणि 1668 मध्ये स्पेनने पोर्तुगालचं स्वातंत्र्य मान्य केलं. लिस्बनचा सौदा लिस्बनपुरता पुरा वसूल झाला. बुडाला तो कोकणातला आणि मलबारातला भाग.

मुंबईच का, असा पुढचा प्रश्न येतो. त्यासाठी वसईहून बघायला हवं, आणि तुम्ही तर तिथेच उभे असता. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यांच्या उत्तरेकडच्या प्रांताची राजधानी वसई होती. ठाणं, चौल ही भरभराटीची गावं होती. मुंबई हा त्या मानाने वसईच्या हाताखालचा एक तुकडा. नारळाच्या वाड्या, भाताची खाचरं, मिठागरं आणि मासेमारी. बेट खंडाने जमीनदारांकडे असायचं. एके काळी गोव्याचा नामांकित वैद्य गार्सिया द ओर्ता त्याचा खंडकरी होता. म्हणजे लिस्बनच्या जमाखर्चात मुंबईचं उत्पन्न किरकोळ होतं. बंदराची खोली, तिथला निवारा, पश्चिम किनाऱ्यावरची तिची जागा या गोष्टी जमाखर्चात लिहिल्या जात नाहीत. त्या नाखव्यांना कळतात आणि आरमारवाल्यांना कळतात.

इंग्रजांना त्या फार आधी कळल्या होत्या. सुरतेत 1613 पासून त्यांची वखार होती, पण तिथे ते मुघल सुभेदाराच्या मर्जीवर होते आणि जहाजं सुवालीच्या उघड्या किनाऱ्यावर लावावी लागत. 1626 च्या ऑक्टोबरात इंग्रज आणि डच यांनी मिळून मुंबईवर छापा घातला. हो, मिळून. त्याच्या तीनच वर्षं आधी अंबोयना बेटावर डचांनी इंग्रज व्यापाऱ्यांचा छळ करून त्यांना ठार मारलं होतं, आणि तरी पोर्तुगीजांविरुद्ध दोघे एका आरमारात आले. पोर्तुगीज माणसं निघून गेली होती. छापेकऱ्यांनी बेटावरचा मोठा वाडा, जो एकाच वेळी कोठार, मठ आणि गढी होता, जाळला आणि परत गेले. पुढे 1635 मध्ये इंग्रजांनी गोव्याच्या विजरईशी, म्हणजे पोर्तुगीज राजाच्या तिथल्या प्रतिनिधीशी, तह केला आणि भांडण मिटवलं. 1652 मध्ये सुरतेच्या इंग्रजांनी मुंबई आणि वसई पोर्तुगीजांकडून विकत घ्यावी असं कंपनीला सुचवलं. दोनच वर्षांनी कंपनीच्या संचालकांनी हे इंग्लंडचा तेव्हाचा सत्ताधीश क्रॉमवेल याच्या कानावर घातलं. तेव्हा 1661 मध्ये मुंबईचं नाव लंडनला अचानक सुचलं नाही.

आता या गोष्टीचा गाभा, जो मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

1662 मध्ये अर्ल ऑफ मार्लबरोच्या हाताखाली पाच जहाजांचा ताफा निघाला. बेट ताब्यात घेण्यासाठी सर अब्राहम शिपमन आणि सुमारे 400 शिपाई होते. गोव्याचा नवा विजरई आंतोनियो द मेलो इ कास्त्रो हाही इंग्रजांच्याच जहाजातून आला. सप्टेंबरात मार्लबरो मुंबईत पोचला आणि त्याने बेट मागितलं. नुसतं बेट नाही, त्याच्या उत्तरेला लागून असलेलं साष्टी हे मोठं बेटही मागितलं. पोर्तुगीज अधिकारी म्हणाले, तहात फक्त मुंबई आहे.

हा वाद कशातून आला ते बघण्यासारखं आहे. लंडनमध्ये राजाला एक नकाशा दाखवला गेला होता. नौदल खात्यातला अधिकारी सॅम्युअल पीप्स रोजनिशीत लिहितो की मुंबई आणि आजूबाजूची बेटं मिळून एकच भूभाग आहे असं त्या नकाशावरून राजाला आणि चॅन्सलरला, म्हणजे त्याच्या मुख्य मंत्र्याला, वाटलं होतं, आणि माणसं तिथे गेल्यावर कळलं की ते एक लहानसं बेट आहे. ज्या चॅन्सलरने, क्लॅरेंडनने, हा तह घडवला त्याने पुढे आपल्या आठवणींत मुंबई ब्राझीलपासून थोड्याच अंतरावर असल्याचं लिहून ठेवलं आहे. लाखो माणसांचं भवितव्य ठरवणाऱ्या या लोकांना ती माणसं पृथ्वीच्या कोणत्या बाजूला राहतात हेही धड माहीत नव्हतं. मी हे वाचतो तेव्हा मला आजही संताप येतो.

विजरईने बेट द्यायला नकार दिला. वरवरची कारणं कागदपत्रांची होती: शिपमनचा अधिकारपत्राचा मसुदा बरोबर नाही, राजाच्या पत्रात अमुक शब्द नाहीत, पावसाळा संपू दे. खरं कारण कोचीत होतं. त्याच महिन्यांत डचांनी कोचीला वेढा घातला होता. कोल्लम 1661 च्या शेवटी गेलं होतं, क्रांगनोर 1662 च्या सुरुवातीला. गोव्याचं म्हणणं सरळ होतं: डचांपासून वाचवायचं कबूल केलं म्हणून मुंबई द्यायची आहे ना, मग आधी वाचवा. मार्लबरोचा ताफा कोचीला गेला नाही. जानेवारी 1663 मध्ये कोची पडलं, फेब्रुवारीत कण्णूर. आणखी एक दुखणं असं, की हेगचा तह तोवर झालेला होता, पण त्याची मंजुरी रेंगाळली, आशियात बातमी पोचायला वेळ लागला आणि डचांनी हातात आलेलं कोची परत दिलं नाही. अंतर आणि वेळ ही डचांच्या हातातली हत्यारंच होती.

मधल्या मध्ये सापडले शिपमनचे शिपाई. मुंबई मिळेना. सुरतेच्या इंग्रजांनी त्यांना घ्यायला नकार दिला, कारण हत्यारबंद फौज उतरलेली मुघल सुभेदाराला खपली नसती. शेवटी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर ते उतरले. ओसाड बेट, वाईट पाणी, अपुरं अन्न, वर कोकणचा पाऊस. ताप आणि हगवण यांनी माणसं पटापट मेली. एप्रिल 1664 मध्ये खुद्द शिपमन वारला. मुंबईत उतरण्याची वेळ आली तेव्हा 400 पैकी जेमतेम शंभराच्या आसपास माणसं उरली होती. तीही गरिबाघरची पोरं. कुणाच्या लग्नासाठी आणि कुणाच्या दालचिनीसाठी आपण मरतोय हे त्यांना कुणी सांगितलं नसणार.

लिस्बनहून सक्त हुकूम आल्यावर विजरईचा नाइलाज झाला. त्याने जानेवारी 1665 मध्ये राजाला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. केवळ प्रजाजन म्हणून आज्ञा पाळायची म्हणून मी हे करतो आहे, या शेजारातून पोर्तुगीजांवर मोठी संकटं येणार हे मला दिसतं आहे, आणि ज्या दिवशी इंग्रज मुंबईत बसतील त्याच दिवशी हिंदुस्थान हातचा जाईल, असा त्याचा आशय आहे. त्याआधीच्या पत्रात त्याने म्हटलं होतं की राजाकडे हिंदुस्थानात याहून चांगलं बंदर नाही, लिस्बनचंही त्याच्यापुढे काही नाही. ‘पोर्तुगीजांना किंमत कळली नाही’ असं कुणी म्हटलं की या माणसाचं नाव घ्या.

शिपमनने मृत्युपत्रात आपला चिटणीस हंफ्री कुक याला आपल्या जागी नेमलं होतं. विजरईने त्याच्याकडून एक करारनामा लिहून घेतला. त्यात मुंबईचा अर्थ शक्य तितका आखडता केला: फक्त बेट, माहीम नाही. इंग्रजांना बंदरातली पोर्तुगीज गलबतं अडवता येणार नाहीत. आणि एक कलम असं, जे मी विद्यार्थ्यांना नेहमी वाचून दाखवत आलो: पोर्तुगीज मुलखातल्या गावांतले कुणबी, भंडारी आणि इतर लोक पळून मुंबईत आले तर त्यांना ठेवून घ्यायचं नाही, मालकांच्या ताब्यात परत द्यायचं. दोन राजे बेटाचं देणंघेणं करत असताना साष्टीतल्या जमीनदाराला काळजी होती ती आपली राबणारी माणसं खाडी ओलांडून निघून जातील याची. ही काळजी खरी होती. पुढच्या काळात मुंबईची वस्ती वाढली ती अशा खाडी ओलांडून आलेल्या माणसांनीच.

18 फेब्रुवारी 1665 रोजी प्रत्यक्ष ताबा दिला गेला. तो प्रसंग दस्तात तपशिलाने नोंदलेला आहे. बेटाची जमीनदारीण होती दोना इनेस द मिरांदा, रॉद्रिगो द मोंसांतोची विधवा. वसईहून आलेले पोर्तुगीज अधिकारी आणि कुक तिच्याच वाड्यात जमले. हा वाडा आज ज्याला आपण मुंबईचा किल्ला म्हणतो त्या भागात, बंदराच्या काठी होता. दस्त वाचून दाखवला. मग कुक बाहेर आला, जमिनीवरून चालला, माती आणि दगड हातात घेतले, बुरुजांवर हात ठेवले. ताबा घेतला याची त्या काळची कायदेशीर खूण ती. वाडा तिचा, जमीन तिच्याकडची आणि राजे दुसरेच. तिची मिळकत तिच्याकडे राहील असं करारात लिहिलं होतं, पण त्या दुपारी त्या बाईच्या मनात काय चाललं असेल हे कोणत्याच दस्तात नाही.

कुकने शब्द फार दिवस पाळला नाही. थोड्याच काळात त्याने माहीम घेतलं. शीव, धारावी, वडाळा हेही मुंबईतच मोडतात असं म्हणून तिथे हात पसरला. त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं, कारण ओहोटीला माणूस मुंबईहून माहीमला चालत जाऊ शकत असे. मग ती दोन बेटं कशी? चार्ल्सने तर कुकचा करारनामाच अमान्य केला. पोर्तुगीजांनी उत्तर दिलं ते जकातीने. मुंबईहून कल्याण-भिवंडीकडे जायचं म्हणजे ठाण्याची खाडी किंवा उरणजवळचं कारंजा, आणि दोन्ही नाकी पोर्तुगीजांची. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गलबतावर जबर जकात बसवली. बेट दिलं, पण वाट दिली नाही. या जकातीच्या तक्रारी इंग्रजांच्या पत्रांत पुढे वर्षानुवर्षं येत राहतात.

आता 10 पौंडांचं. राजाला मुंबई परवडली नाही, एवढंच खरं. पहिल्या तीन वर्षांत गव्हर्नर मेले, शिपाई मेले, महसूल तुटपुंजा, तटबंदीचा खर्च डोईजड. त्यात 1665 ते 1667 डचांशी युद्ध झालं, आणि 1667 मध्ये डच आरमार इंग्लंडच्या मेडवे नदीत शिरून इंग्रजांची जहाजं जाळून गेलं. 27 मार्च 1668 च्या सनदेने चार्ल्सने मुंबई कंपनीला दिली, वर्षाला 10 पौंड सोन्यात. ही रक्कम भाडं म्हणून ठरलेली नव्हती, मालकी राजाची आहे याची ती खूण होती. सनदेत मुंबई लंडनजवळच्या ईस्ट ग्रिनिच जहागिरीसारखी धरावी असं लिहिलेलं आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आपला माझगाव आणि परळ केंट परगण्यातल्या एका जहागिरीच्या चालीने चालणार होते. कंपनीला जे मिळालं त्याचं मोल मात्र पैशात होत नव्हतं: कायदे करायचा, न्याय द्यायचा, फौज बाळगायचा आणि लढायचा अधिकार. मद्रास कंपनीला मिळालं होतं ते तिथल्या नायकाच्या परवानगीने. मुंबईत ती प्रथमच आपल्या राजाच्या नावाने स्वतः राज्यकर्ती झाली. राजाचे उरलेसुरले शिपाई कंपनीच्या चाकरीत आले आणि तिच्या गोऱ्या पलटणीची सुरुवात तिथून झाली. आज्ञापत्र या मराठ्यांच्या राजनीतीवरच्या ग्रंथात टोपीकरांना, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना, इतर सावकारांपासून वेगळं काढलं आहे ते याच कारणाने, की त्यांच्या मागे राज्य करणारे धनी उभे आहेत. सुरतेच्या मुघल सुभेदाराला जे उमगलं नाही ते मराठ्यांच्या राजनीतीत नेमकं उमटलं आहे.

आंदणातल्या दुसऱ्या वस्तूचं काय झालं हेही सांगत जा. त्या वेळी लंडनला मुंबईपेक्षा टँजिअरचं अप्रूप जास्त होतं. भूमध्य समुद्राच्या दारातलं ठाणं, तिथे भलामोठा धक्का बांधायला घेतला, पाण्यासारखा पैसा ओतला. 1684 मध्ये तो धक्का स्वतःच सुरुंगाने उडवून इंग्रज तिथून निघून आले.

ज्यांच्या भीतीने हे सगळं घडलं ते डच मुंबईच्या दारात आले, पण उशिरा. फेब्रुवारी 1673 मध्ये रायक्लॉफ व्हान खुन्स 22 जहाजं घेऊन आला. कोची आणि जाफना घेणारा तोच सेनापती. मुंबईत तेव्हा कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर होता. त्याने किल्ला सजवला, शिपाई, जमीनदारांची नागरी फौज आणि सोटे घेतलेले काही शे भंडारी उभे केले. व्हान खुन्सने बंदर न्याहाळलं आणि उतरण्याचा बेत सोडून दिला. इंग्रजांच्या पत्रांत अशीही बातमी येते की डचांनी शिवाजी महाराजांकडे बोलणं लावलं होतं: मुंबई घ्यायला आम्हाला माणसं द्या, जंजिऱ्याच्या सिद्दीचं दंडा-राजपुरी घ्यायला आम्ही तुम्हाला जहाजं देतो. महाराजांनी ते मनावर घेतलं नाही. चार टोपीकर एकमेकांना पुरून उरत आहेत तोवर आपल्याला हालचालीला जागा आहे, हे ते पक्कं ओळखून होते. मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला त्यांनी 1679 मध्ये घेतला तेव्हा इंग्रजांची जी तारांबळ उडाली, तिच्यावरून त्यांना बंदराची नस कुठे आहे ते किती नेमकं कळलं होतं हे दिसतं.

शेवटी तुमच्या किल्ल्याकडे येतो. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला तेव्हा वसईच्या पोर्तुगीजांनी मुंबईकडे मदत मागितली. 1661 च्या तहाची आठवण त्यांना असणारच. मुंबईकरांनी थोडा दारूगोळा दिला, चर्चमधली चांदी आणि तोफा तारण ठेवून कर्ज दिलं, माणसं दिली नाहीत. मे महिन्यात वसई पडली आणि दोन महिन्यांच्या आत इंग्रजांनी मराठ्यांशी व्यापाराचा तह केला. साष्टी मराठ्यांकडे गेली होती, तिच्यावरची इंग्रजांची नजर मात्र हटली नव्हती. 1774 च्या शेवटी बातमी पसरली की गेलेला मुलूख परत घ्यायला पोर्तुगीज आरमार येतं आहे. पोर्तुगीजांच्या आधी आपण पोचलं पाहिजे म्हणून मुंबईच्या इंग्रजांनी डिसेंबरात ठाण्याच्या किल्ल्यावर हल्ला केला आणि तो घेतला. चार्ल्सने नकाशात पाहिलेली आणि मार्लबरोने मागितलेली साष्टी शंभराहून अधिक वर्षांनी त्यांना अशी मिळाली, आणि मराठ्यांशी झालेल्या 1782 च्या साल्बाईच्या तहात ती त्यांच्याकडेच राहिली.